सप्टेंबरची खुर्ची, जानेवारीची खुर्ची

पत्र, थोडं आटोपशीर करून:

ताई, मी ३१ वर्षांची, मूळची सांगलीची. पुण्यात एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत होते. तीच नोकरी घेऊन गेल्या ऑगस्टमध्ये बार्बाडोसला आले, 'वेलकम स्टॅम्प'वर (परदेशातली नोकरी इथे बसून करणाऱ्यांसाठीचा इथला परवाना), एक वर्षासाठी. ब्रिजटाउनला लागूनच बेलव्हिल आहे, तिथे एका जुन्या घराच्या माडीवर राहते. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम निघालं आणि ठोकाठोकीला कंटाळून सप्टेंबरपासून मी गावातल्या एका कॅफेत बसून काम करायला लागले. तेव्हा मालकीणबाई स्वतः म्हणाल्या होत्या, बस हवं तितका वेळ. खिडकीजवळचं, प्लगपाशी असलेलं टेबल माझंच होऊन गेलं. डिसेंबरच्या मध्यावर टेबलांवर कार्डं आली: साडेअकरा ते दोन लॅपटॉप नकोत. माझी बॉस्टनच्या मॅनेजरबरोबर रोजची मीटिंग नेमकी साडेअकराला असते. मला वाटलं, हा नियम येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असणार, मी तर रोजची. गेल्या आठवड्यात मीटिंग चालू असताना मालकीणबाई आल्या आणि एक शब्द न बोलता कार्डावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. कॅमेरा चालू होता. पुण्यातल्या आणि बॉस्टनच्या सगळ्यांनी पाहिलं. पलीकडच्या टेबलावरच्या कॅनेडियन जोडप्यालाही त्यांनी तसंच उठवलं, पण ते हसत उठले. मला रडू आलं. काउंटरवरची मुलगीही हल्ली माझ्याकडे बघून हसत नाही. एक आजोबा रोज 'इंडिया?' म्हणून क्रिकेट काढतात, त्यांना टाळायला मी दारातूनच इयरफोन घालून आत शिरते. मी परकी म्हणून हे होतंय का? जाब विचारू, की कॅफेच बदलू? आणि बाबा (ते साखर कारखान्यात अकाउंट्सला होते) रोज फोनवर विचारतात, हॉटेलात बसून कसली नोकरी करतेस, आणि कर कुठे भरतेस?

– सांगलीकर, मुक्काम ब्रिजटाउन

प्रिय सांगलीकर,

कॅफे बदलू नकोस आणि जाबही विचारू नकोस. उद्या सकाळी जा, मीटिंगच्या प्रकाराबद्दल दोन वाक्यांत माफी माग, आणि साडेअकराचा कॉल पुन्हा त्या टेबलावरून घेऊ नकोस. उत्तर एवढंच आहे. पण तू चांगलीच दुखावली आहेस आणि पत्रात एकीत एक गुंतलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्यामुळे नीट बोलू या.

चारचौघांत, तेही कॅमेऱ्यासमोर, कुणी आपल्याला बोटाने नियम दाखवला की लागतं. मीटिंग संपेपर्यंत त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण कार्ड टेबलावर येऊन महिना होत आला होता आणि रोज साडेअकराला तू ते बाजूला सरकवून लॅपटॉप उघडत होतीस. ('सरकवून' हा माझा अंदाज, खोटा असेल तर कळव.) पुण्यात ही वेळ आली असती तर तिसऱ्याच दिवशी दारावर पाच ओळींची पाटी लागली असती आणि तिचा फोटो गावभर फिरला असता. बार्बाडोसची माणसं त्या मानाने फार सबुरीची.

तुझा खरा सल वेगळा आहे. सप्टेंबरमध्ये 'बस हवं तितका वेळ' म्हणणारी बाई डिसेंबरमध्ये अशी कशी फिरली? तुला ती दुटप्पी वाटते. ती फिरलेली नाही, फिरलाय तो मोसम.

मी त्या बेटावर काही काळ राहिले आहे, तिथलं वर्ष कसं चालतं ते पाहिलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले मंदीचे महिने. वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत, त्यातही सप्टेंबर ऐन भरात. शिवाय इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे पर्यटक नसल्यातच जमा. कित्येक हॉटेलं या दिवसांत रंगरंगोटीसाठी चक्क बंद ठेवतात. अशा वेळी ब्रिजटाउनच्या कॅफेत खिडकीशी बसून काम करणारी मुलगी दिसली, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, चालू आहे दुकान, चांगलं असेल. सप्टेंबरमध्ये तू त्या खिडकीची शोभा होतीस. वाईट वाटून घेऊ नकोस. मालकीणबाईंना तुझी गरज होती आणि तुला प्लगची, दोघींचं जमलं.

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चित्र अगदी उलटं. लंडन, टोरांटो, न्यूयॉर्कमध्ये लोक थंडीने गारठलेले असतात आणि विमानं भरभरून इकडे येतात. त्यात क्रूझची जहाजं. बंदर गावापासून चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे सकाळी जहाज लागलं की दहा-साडेदहापर्यंत ब्रॉड स्ट्रीट आणि चेंबरलेन पुलाचा परिसर माणसांनी फुलून जातो. चार महिन्यांत जे कमवायचं त्यावर पुढचं ऑक्टोबर निभवायचं, असा तिथल्या लहान धंद्यांचा हिशोब असतो.

तू पाहिलंस का माहीत नाही, पण त्या जहाजांवरून फक्त गोरे पर्यटक उतरत नाहीत. जहाजावर काम करणारी मुलंमुलीही उतरतात, आणि त्यात आपली खूप असतात: गोव्याची, मुंबईची, कोकणातली. कुणी किचनमध्ये, कुणी हाउसकीपिंगला. किनाऱ्यावर मिळतात ते जेमतेम तीन-चार तास. त्यांना काय हवं असतं? वायफाय, चार्जिंगला एक प्लग आणि घरी व्हिडिओ कॉल. घड्याळ पाहतच बोलतात. ब्रिजटाउनमध्ये सकाळचे अकरा म्हणजे घरी रात्रीचे साडेआठ, पोरं झोपायच्या आत बोलून घ्यायचं. गावातल्या कॅफेत टोपी काढून, फोन बाटलीला टेकवून कोंकणीत किंवा मराठीत हळू आवाजात बोलणारा मुलगा तुला एखाद्या टेबलावर नक्की दिसेल. इयरफोन काढलेस तर ऐकूही येईल. प्लगजवळच्या टेबलावर तू चार तास ठाण मांडून बसलीस की तो मुलगा उभाच राहतो, आणि मालकीणबाईंना ते दिसतं.

दुसरा बदल घड्याळाचा, आणि हा तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही. सप्टेंबरमध्ये ही बॉस्टनची मीटिंग किती वाजता असायची, आठव. साडेदहाला! बार्बाडोसचं घड्याळ वर्षभर एकच असतं, पुण्याच्या साडेनऊ तास मागे. बॉस्टनमध्ये मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात. उन्हाळ्यात बॉस्टन आणि ब्रिजटाउनची वेळ सारखीच असते; हिवाळ्यात ब्रिजटाउन तासभर पुढे जातं. मॅनेजरच्या लेखी मीटिंग साडेदहालाच आहे, तुझ्यासाठी ती सरकून साडेअकरावर आली, म्हणजे थेट जेवणाच्या गर्दीत. गिऱ्हाईक वाढलं त्याच सुमारास तुझा कॉलही नेमका त्या वेळेवर येऊन बसला. तुमच्या दोघींपैकी कुणीच हे ठरवलं नव्हतं.

मग उपाय साधा आहे. मॅनेजरला विचार: मार्चपर्यंत ही मीटिंग तासभर अलीकडे घेता येईल का? बॉस्टनला साडेनऊ, तुला साडेदहा. पुण्यात सध्या या मीटिंगला रात्रीचे नऊ वाजतात, ते पुन्हा आठ होतील. पुण्यातली मंडळी तुझे पाय धरतील, विशेषतः ज्यांच्या घरी त्या वेळी ताटं वाढलेली असतात. तू एकटीने मागितलंस तर ती तुझी गैरसोय. पुण्याच्या टीमला बरोबर घेऊन मागितलंस तर ते नियोजन. मार्चच्या दुसऱ्या रविवारी बॉस्टनचं घड्याळ पुढे जाईल, तेव्हा सगळं आपसूक जागेवर येईल.

तरीही साडेदहाचा कॉल कॅफेत घ्यावा असं माझं मत नाही. त्याकडे येतेच. त्याआधी थोडी आकडेमोड, कारण बाबा अकाउंट्समधले आहेत म्हणजे हिशोब तुझ्या घरातलाच.

समज, आठ टेबलांचं कॅफे आहे. साडेअकरा ते दोन या अडीच तासांत एक टेबल तीनदा रिकामं होऊन भरतं. दोघांचं टेबल, म्हणजे सहा ताटं. कुणी फिश कटर (पावात मासा घातलेलं तिथलं सँडविच) घेतो, कुणी मॅकरोनी पाय, वर एखादा थंड ग्लास मॉबी, म्हणजे झाडाच्या सालीचं कडसर सरबत. त्या सहा ताटांच्या जागी तू, एक कॅपुचिनो आणि कोकोनट ब्रेडचा एक तुकडा. तोही बहुधा साडेनऊलाच संपलेला. वीज तू किती खातेस, याची काळजी करू नकोस. साठ वॉटचा लॅपटॉप चार तास चालला तरी पाव युनिट होत नाही. वायफायचं थोडं वेगळं आहे. व्हिडिओ कॉल चालू असला की बाकीच्यांचं नेट रखडतं, आणि काही दुकानांत कार्डाचं मशीनही त्याच लाइनवर असतं. पण खरं दुखणं खुर्चीचंच.

तो कॅपुचिनोसुद्धा दिसतो तितका नफ्याचा नसतो. कॅरिबियन म्हटलं की लोकांना कॉफीचे मळे आठवतात, पण ते जमैकाचे; तिथले निळे डोंगर सव्वादोन हजार मीटरच्या वर जातात. बार्बाडोस म्हणजे प्रवाळाच्या चुनखडीचं बुटकं बेट. सगळ्यात उंच जागा माउंट हिलाबी, ती साडेतीनशे मीटरसुद्धा भरत नाही. तिथे पिकला तो ऊस, हे सांगलीच्या मुलीला सांगायला नको. कॉफीचे दाणे, कपावरची झाकणं, मशीनचा सुटा भाग, सगळं बाहेरून येतं. त्यावर साडेसतरा टक्के व्हॅट. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर कित्येक दशकं पक्का आहे, त्यामुळे पगार डॉलरमध्ये घेणाऱ्या तुला महागाईचा चटका थोडा कमी बसतो, मालकीणबाईंना नाही. बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला आहे का, ते बघत जा. नसेल तर टेबलावर काहीतरी ठेवून उठायचं, रोज.

आता दिवस पुन्हा मांडू या.

पुण्याचा संध्याकाळी सहाचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, ती तुझ्या सकाळी साडेआठला. तो घरूनच कर. पंधरा मिनिटांचं काम, कॅमेरा बंद, मोबाइलवरून गॅलरीत बसून. तिथल्या जुन्या घरांना पुढे ती लाकडी जाळीची गॅलरी असते ना, तिच्यात पूर्वेचा वारा सकाळी छान खेळतो. वाफाळलेला कप घेऊन बस आणि चालू कर. हातोड्यांचा आवाज आला तर माइक म्यूट ठेव आणि तुझी पाळी आली की बोल. सूर्य तिथे सहाच्या आगेमागे उगवतो, सगळं गाव लवकर उठतं. डोकं लागतं असं काम, कोड असो की मोठा दस्तऐवज, सहा ते आठमध्ये उरकता येतं का बघ. तुझ्या पत्रावरून वाटतं, तू साडेआठपर्यंत लोळत असतेस. तेही वय आहे, पण बांधकामाची माणसं यायच्या आत घराएवढी शांत जागा ब्रिजटाउनमध्ये दुसरी नाही.

कॅफे साडेनऊनंतर. न्याहारीची गर्दी ओसरलेली असते, ऑफिसची माणसं आपापल्या जागी गेलेली असतात. सव्वाअकराला आवरायला घे. साडेअकराला कार्ड बोलायच्या आत तू दाराबाहेर हवीस. परत यायचंच असेल तर दोननंतर ये, तेव्हा त्यांनाही बरंच वाटेल. दर तास-दीड तासाने काहीतरी मागवायचं. आणि नेहमी कॉफीच का? सॉल्ट ब्रेडमध्ये दोन फिश केक घालून देतात त्याला तिकडे 'ब्रेड अँड टू' म्हणतात. माशाची बंदी नसेल तर सकाळी एखादा खाऊन बघ, दुपारपर्यंत भूक लागत नाही. शाकाहारी असशील तर चीज कटर.

साडेदहाच्या कॉलसाठी आठवड्यातून काही दिवस को-वर्किंगच्या जागेचा दिवसाचा पास घे. रोज नको, ज्या दिवशी मोठ्या मीटिंगा असतील त्याच दिवशी. उरलेल्या दिवशी कॉल घरून. पैसे जातात, हो. पण तू खोलीचं भाडं भरतेस आणि ऑफिस मात्र कॅफेच्या कॅपुचिनोत बसवतेस, हे गणित कुठेतरी फसणारच होतं. कंपनीला विचारून बघ. घरून काम करणाऱ्यांना काही कंपन्या अशा पासचे पैसे देतात.

व्हिडिओ कॉल कॅफेत नको, याचं आणखी एक कारण. बार्बाडोस ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. तिथे प्रत्येकाचा चुलतभाऊ कुठल्या ना कुठल्या बँकेत किंवा हॉटेलात असतो. तू क्लायंटचं नाव घेऊन, सिस्टिम कुठे अडकली हे मोठ्या आवाजात सांगतेस ते शेजारच्या टेबलाला ऐकू जातं. मराठीत बोललीस तरी, आता सांगितलं ना, जहाजावरची मुलं असतात. कंपनीचं व्हीपीएन सदा चालू ठेव, स्क्रीनला बाजूने न दिसणारी फिल्म लाव, आणि बाथरूमला जाताना लॅपटॉप बॅगेत घालून बरोबर ने. शेजाऱ्याला 'बघा हं' सांगून जाण्याइतकी ओळख आपली अजून झालेली नाही. वायफाय गेलं तर मोबाइलचं नेट हाताशी असू दे. तिथली वीज ११५ व्होल्टची, सॉकेट अमेरिकेसारखं चपट्या पिनांचं. तुझ्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर नुसता अ‍ॅडॉप्टर पुरतो. सांगलीहून आईने मिक्सर पाठवायचा म्हटला तर मात्र नको म्हण. आणि बॅग लष्करी ठिपक्यांची असेल तर आजच बदल. सामान्य माणसाने तसल्या कापडाचे कपडे घालणं किंवा वस्तू बाळगणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. थट्टा नाही.

आता काउंटरवरच्या मुलीचं.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य मालकीणबाईंबद्दलचं नाही, 'दारातूनच इयरफोन घालून आत शिरते' हे आहे. बार्बाडोसमध्ये माणूस दुकानात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत शिरला की आधी 'गुड मॉर्निंग' म्हणतो. कुणा एकाला नाही, सगळ्यांना. झेडआर व्हॅनमध्ये, त्या पांढऱ्या गाड्यांमध्ये गाणी ठणठणा वाजत असतात आणि माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी कोंबलेली असतात, तिथेसुद्धा चढणारी म्हातारी आधी 'गुड मॉर्निंग' म्हणते आणि सगळी गाडी तिला उत्तर देते. दुपार झाली की 'गुड आफ्टरनून'. शुभेच्छा न देता थेट 'एक कॅपुचिनो' म्हणणारा माणूस त्यांना उर्मट वाटतो. तो कितीही मोठा असो, कुठल्याही देशाचा असो. आपल्याकडे दुकानात शिरून 'अर्धा किलो साखर द्या' म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. तिथे वाटतं. तू चार महिने रोज त्या मुलीसमोरून कान बंद करून जातेस आणि ती हसत नाही म्हणून तक्रार करतेस!

म्हणून परकी असण्याबद्दलचं तुझं शंकानिरसन तुझ्याच पत्रात आहे. कॅनेडियन जोडप्यालाही त्यांनी उठवलं. ते हसत उठले, तू रडलीस. कार्ड सगळ्यांना एकच. त्या बेटावर भारतीय चेहरा नवलाचाही नाही. सुरतकडून गेलेली गुजराती मुसलमान घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यातले कित्येक सुरुवातीला सुटकेसमध्ये कापड घालून दारोदार विकत असत. सिंधी व्यापाऱ्यांची दुकानंही तिथे आहेत. लोक कदाचित तुला त्यांच्यापैकीच कुणाची तरी मुलगी समजत असतील. उद्या खरोखर कुणी वाईट वागलं तर मला लिही, मग आपण वेगळं बोलू. हा प्रसंग तो नाही.

आणि ते आजोबा. अगं, तू मुंबईच्या क्रिकेटची वारस आहेस, त्यांच्यापासून कसली पळतेस! एप्रिल १९७१ मध्ये वाडेकरांचा संघ ब्रिजटाउनला केन्सिंग्टन ओव्हलवर खेळला. वेस्ट इंडीजच्या सोबर्सने नाबाद १७८ काढल्या, ते ब्रिजटाउनचेच. उत्तरात आपली पडझड झाली तेव्हा दिलीप सरदेसाई १५० करून उभे राहिले, जोडीला एकनाथ सोलकर, ६५. दुसऱ्या डावात सामना वाचवायचा होता तर पहिल्याच दौऱ्यावर आलेला सुनील गावसकर नाबाद ११७. त्या आजोबांचं वय सत्तरच्या पुढचं असेल तर त्यांनी यातलं काहीतरी कठड्यावर बसून पाहिलेलं असण्याची शक्यता दांडगी आहे. त्याच्या नऊ वर्षं आधी याच गावात नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात चेंडू लागला, कवटी फुटली आणि त्यांना रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. आपल्याकडून उमरीगर, बोर्डे, नाडकर्णी. हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं. त्यांना 'इंडिया?' या एका शब्दातून हेच सगळं विचारायचं असतं. त्यांना दहा मिनिटं दे. मग हसून सांग, मला आता अकरापर्यंत काम आहे, उद्या बोलू. ते उद्यापर्यंत थांबतील. २९ जून २०२४ ला तिथेच आपण विश्वचषक जिंकलो आणि मग बेरिल वादळाने विमानतळ बंद पडल्यामुळे सगळा संघ हॉटेलात अडकून पडला, तो विषय त्यांनी काढलाच तर अकराचे बारा होतील, एवढं मात्र लक्षात ठेव.

मालकीणबाईंना काय म्हणायचं? आधी 'गुड मॉर्निंग'. मग: त्या दिवशी कार्ड असताना मी कॉल चालू ठेवला, चूक झाली, यापुढे साडेअकराला मी उठलेली असेन, मोसमात प्लगजवळच्या टेबलाऐवजी मी आतल्या कोपऱ्यात बसू का? एवढंच. बॉस्टन, मॅनेजर, बांधकाम, कॅमेरा यातलं काही सांगत बसू नकोस. आणि कुठल्या दिवशी जहाजं जास्त असतात ते त्यांनाच विचार. त्या दिवशी जाऊच नकोस. आपला धंदा हिला कळतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं की ऑक्टोबरमध्ये खिडकीचं टेबल कुणाचं, हा प्रश्न उरणार नाही. अर्थात तू तोवर तिथे असलीस तर. स्टॅम्प ऑगस्टमध्ये संपतो, मुदत वाढवून मिळते, पण अर्ज आधी करावा लागतो. ऑगस्टचा पहिला सोमवार म्हणजे क्रॉप ओव्हरचा शेवटचा मोठा दिवस. ऊसतोड संपल्याच्या आनंदातून निघालेला तो सण. सगळं गाव पिसं लावून रस्त्यावर नाचत असतं आणि सरकारी कचेऱ्या बंद. कागदपत्रं जुलैच्या आत उरक.

राहिले बाबा. 'हॉटेलात बसून कसली नोकरी' याला उत्तर देत बसू नकोस. एकदा व्हिडिओ कॉलवर स्टँडअप चालू असताना त्यांना स्क्रीन दाखव, पाच मिनिटांत कंटाळून उठतील आणि पुन्हा विचारणार नाहीत. कराचा प्रश्न मात्र त्यांनी योग्य विचारला आहे आणि तू तो टाळते आहेस असं मला वाटतं. वेलकम स्टॅम्प २०२० मध्ये सुरू झाला. एकट्या माणसाला दोन हजार अमेरिकन डॉलर फी, वर्षाला किमान पन्नास हजार डॉलर कमाई हवी, आरोग्य विमा हवा, आणि तिथल्या कुणाची नोकरी करायची नाही. बदल्यात त्या पगारावर बार्बाडोस आयकर घेत नाही. पण तिथे लागत नाही म्हणजे कुठेच लागत नाही, असं नाही. भारतात किती दिवस होतीस, पगार कुठल्या देशातल्या कंपनीकडून कुठल्या खात्यात जमा होतो, यावर ते ठरतं. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलं की इथला रहिवासी, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. त्यापलीकडे २०२० च्या अर्थसंकल्पात आणखी एक तरतूद आली. भारतातलं उत्पन्न पंधरा लाखांवर असेल आणि दुसऱ्या कुठल्याच देशात रहिवासी म्हणून कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला इथलाच रहिवासी धरता येतं. तुला ती लागू होते का, हे तुझी ऑफर लेटर आणि पगारपत्रकं पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये. मीही सांगत नाही. ३१ मार्चच्या आत परदेशी उत्पन्नाची कामं करणाऱ्या सीएकडे जा. कागद बाबांकडेच पाठव आणि सीएशी त्यांनाच बोलू दे. त्यांना काम मिळेल आणि तुझे रोजचे फोन निम्म्या वेळात आटपतील.